'बुगडी माझी सांडली गं' : चित्रपटगीताची घडण, दडवलेली गोष्ट आणि जुन्नर परिसरातील तमाशा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कवितेकडे जेवढे लक्ष पुरविले तेवढे गीताकडे पुरविले नाही. गीतांतही भावगीताला जो मान मिळाला तो चित्रपटातील लावणीच्या वाट्याला क्वचितच आला. चित्रपटातील लावणी म्हणजे करमणूक, आणि करमणुकीचा अर्थ लावण्याचे कारण नाही, असा एक अलिखित समज महाविद्यालयीन अध्यापनातही रूढ आहे. या समजाला छेद देणारे एक उत्तम उदाहरण म्हणजे १९५९ साली प्रदर्शित झालेल्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातील 'बुगडी माझी सांडली गं' हे गीत होय. अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकर यांनी ते लिहिले, वसंत पवार यांनी स्वरबद्ध केले, आशा भोसले यांनी गायिले आणि पडद्यावर ते जयश्री गडकर यांनी साकार केले. सहा दशकांहून अधिक काळ हे गीत मराठी माणसाच्या कानावर आहे. ते इतके सर्वांचे झाले आहे की अनेकांना ती पारंपरिक लावणीच वाटते.

प्रस्तुत लेखात या गीताची घडण, त्याच्या शब्दांत दडलेली रचना आणि जुन्नर-आंबेगाव भागातील यात्रा-तमाशाच्या संस्कृतीशी असलेले त्याचे नाते यांचा विचार केला आहे. हा भाग निवडण्यास कारण आहे. जुन्नर तालुक्यात ओतूरकडून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला मढ हे गाव आहे. एका अंगाला पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी, समोर हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगा आणि पश्चिमेस महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या, असा हा मुलूख. तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाणारे नारायणगाव याच तालुक्यात आहे. 'सांगत्ये ऐका' या चित्रपटाचे कथानक ज्या दोन गोष्टींवर उभे आहे, ती बैलांची शर्यत आणि तमाशाचा फड, या दोन्ही गोष्टी या टापूतील यात्रेचा प्राण आहेत. स्टुडिओत तयार झालेले गाणे लोकजीवनात परत कसे जाते आणि जाताना काय गमावते, हे अशा गावाच्या अंगाने पाहिले असता अधिक स्पष्ट होते.

गीताची घडण

हे गीत ज्या काळात जन्मले तो काळ तमाशाच्या दृष्टीने चमत्कारिक होता. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली. पुढे ती उठली, पण वगांची पूर्वतपासणी आणि तमाशाची 'सुधारणा' हे विषय सरकारदरबारी आले. प्रत्यक्ष फडाकडे पांढरपेशा समाज नाक मुरडत असताना पडद्यावरील तमाशाला मात्र तोच समाज गर्दी करीत होता. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' ने हा मार्ग दाखविला होता. 'सांगत्ये ऐका' ने तो राजमार्ग केला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट सुमारे अडीच वर्षे चालला. त्यानंतर मराठी चित्रपटसृष्टीत तमाशापटांची जी लाट आली ती १९७२ च्या 'पिंजरा' पर्यंत आणि त्यापुढेही ओसरली नाही. त्या लाटेने मराठी चित्रपटाचे किती भले केले आणि त्याला किती काळ एकाच चाकोरीत अडकवून ठेवले, हा वेगळा प्रश्न आहे.

गीताच्या कर्त्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले आणि माडगूळकर हे नाव घराघरांत देवघराच्या पावित्र्याने उच्चारले जाऊ लागले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी त्याच लेखणीने ही लावणी लिहिली. याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः त्यात नवल नाही. माणदेशात वाढलेल्या या कवीच्या कानात ओवी, अभंग, कीर्तन आणि तमाशा शेजारी शेजारी नांदत होते. आणि शाहिरी परंपरेतही कीर्तनकार व लावणीकार एकाच देहात वावरल्याचे रामजोशींचे उदाहरण आहेच. चित्रपटाचे पटकथा-संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे. म्हणजे ग्रामीण जीवनाचे दोन अस्सल जाणकार बंधू एकाच कृतीत काम करीत होते.

या पार्श्वभूमीवर गीताची भाषा पाहिली असता एक लक्षणीय मिश्रण आढळते. 'पैरण', 'फेटा', 'शेमला' हे शब्द थेट गावच्या पारावरचे आहेत. पण त्यांच्याच शेजारी 'गमणे', 'बाहणे' अशी जुन्या कवितेतील क्रियापदे येतात. गावात कोणी कोणाला 'बाहत' नाही, बोलावते. ही भाषा खेड्याची नव्हे, शाहिराची आहे. पेशवाईतील शाहिरांनी जी अर्धी पंडिती व अर्धी रांगडी बोली घडविली होती तिचाच हा वारसा. या जुनेपणामुळेच हे गीत पारंपरिक असल्याचा भास निर्माण होतो. सामान्य श्रोत्याला तो भास खरा वाटावा, इतकी ती नक्कल सफाईदार आहे. 'नक्कल' हा शब्द येथे दूषण म्हणून वापरलेला नाही.

वसंत पवार यांच्यापुढील प्रश्न निराळा होता. फडावरची किंवा बैठकीची लावणी पसरत जाते. अदा, पुनरावृत्ती, प्रेक्षकांची फर्माईश, झीलकऱ्यांची साथ यांमुळे एकेक ओळ मनसोक्त खेळविली जाते. त्या काळातील ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू मात्र साडेतीन मिनिटांच्या आसपास संपत असे. म्हणून धृपद आणि तीन कडवी एवढ्यात सारा ऐवज बसवावा लागला. पवारांनी ढोलकीला केंद्रस्थानी ठेवून उठावदार, पटकन ओठांवर बसणारा मुखडा दिला आणि कडव्यांना कथनाचा वेग दिला. आशा भोसले यांनी त्यावर जे केले ते तर केवळ ऐकण्याचीच गोष्ट आहे. 'गं' या एका अक्षरात लाज, लाडिकपणा, तक्रार आणि खट्याळपणा त्या आळीपाळीने भरतात. तमाशातील पहाडी, खुल्या फेकीचा आवाज हा नव्हे. मायक्रोफोनच्या जवळ, कानाशी कुजबुजल्यासारखा हा आवाज आहे. हजारोंच्या जमावापुढे गावयाची लावणी येथे एकेका श्रोत्याच्या कानात सांगितली जाते. रेडिओवर हे गीत इतके का रुजले याचे उत्तर बहुधा येथेच आहे. जी मंडळी तमाशाच्या तंबूच्या आसपासही फिरकली नसती त्यांच्या माजघरात 'आपली आवड' सारख्या कार्यक्रमातून ही लावणी बिनदिक्कत शिरली.

बुगडी, सातारा आणि दडवलेली गोष्ट

या गीताच्या अर्थाविषयी फारसे लिहिले जात नाही, कारण अर्थ उघड आहे असे समजले जाते. साताऱ्याला जाताना एका तरुणीच्या कानातली बुगडी हरवली आणि ही चहाडी आपल्या म्हाताऱ्याला, म्हणजे बापाला, कोणी सांगू नये अशी ती विनवणी करते. धृपदाचा अर्थ एवढाच. परंतु कडवी काळजीपूर्वक वाचली म्हणजे एक विलक्षण गोष्ट दिसून येते. तिन्ही कडव्यांत सातारा नाही. प्रवास नाही. वाट नाही. बुगडीही नाही.

पहिल्या कडव्यात शेजारी राहणारा तरुण आहे. तो टक लावून पाहतो, खुणावतो. दुसऱ्यात तो एके दिवशी अचानक घरी येतो, ती त्याला बसावयास पाट देते. तिसऱ्यात बाप घरी नसल्याचा उल्लेख येतो, त्या तरुणाची धिटाई येते, तिचा स्वतःवरील सुटलेला ताबा येतो आणि निखाऱ्याजवळच्या लोण्याची प्रतिमा येते. सर्व प्रसंग घरात घडतो. मग बुगडी साताऱ्याच्या वाटेवर कशी सांडली?

ती तेथे सांडलीच नाही, असाच याचा अर्थ होतो. बुगडी हा कानाच्या वरच्या पाळीत घालावयाचा दागिना. तो सहजासहजी पडत नाही. कोणी ओढल्याशिवाय, किंवा कानाजवळ काही झटापट झाल्याशिवाय, त्याची फिरकी निघत नाही. कान उघडा दिसणार, बाप विचारणार, तेव्हा सांगण्यासाठी एक सबब हवी. साताऱ्याचा रस्ता ही ती सबब आहे. धृपद म्हणजे जगाला सांगावयाची हकीकत आणि कडवी म्हणजे खरी हकीकत, अशी या गीताची दुहेरी रचना आहे. प्रत्येक कडव्यानंतर धृपद परत येते तेव्हा ती तरुणी जणू आपली सबब पुन्हा घोकून पक्की करते. 'सातारा' आणि 'म्हातारा' हे यमक केवळ नादासाठी नाही. एकाला फसविण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेतले आहे. पण रचनेचे हे कौशल्य इतके सहज आहे की ते कौशल्य आहे हेच जाणवत नाही.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरते. १९६६ च्या 'मेरा साया' या हिंदी चित्रपटात बरेलीच्या बाजारात झुमका पडल्याचे प्रसिद्ध गीत आहे. शब्द राजा मेहदी अली खान यांचे, संगीत मदनमोहन यांचे आणि स्वर पुन्हा आशा भोसले यांचाच. हा चित्रपट राजा परांजपे यांच्या १९६४ च्या 'पाठलाग' या मराठी चित्रपटावर आधारलेला होता, हा आणखी एक योगायोग. दागिना हरवणे हा भारतीय लोकगीतांतील जुना संकेत असल्याने एकाने दुसऱ्याचे उचलले असे म्हणण्याची गरज नाही. फरक मात्र महत्त्वाचा आहे. झुमक्याच्या गीतात बाजार हे प्रसंगाचे खरे स्थळ आहे, आणि म्हणूनच २०२० मध्ये बरेलीला एका तिठ्यावर भला मोठा झुमका उभारता आला. बुगडीच्या गीतात सातारा हे स्थळच नाही. तेथे काहीही घडलेले नाही. त्यामुळे साताऱ्यात बुगडी उभारावयाची झाली तर ती एका सबबीचे स्मारक ठरेल.

आता हे गीत चित्रपटात कोठे येते याचा विचार करावयास हवा. नायिका तमाशात नाचणारी आहे. 'कोणाला सांगू नका' हे ती फडावर, भरल्या पुरुषसमुदायापुढे गाते. गुपित राखण्याची विनंती आणि गुपिताचा जाहीर उच्चार एकाच वेळी होतो. हा लावणीचा जुनाच डाव आहे. परंतु या चित्रपटात त्याला एक भीषण बाजू आहे. शर्यतीतील पराभवाचा सूड म्हणून एक मस्तवाल पाटील एका शेतकऱ्याचे कुटुंब उद्ध्वस्त करतो, त्याच्या पत्नीवर अत्याचार होतो आणि त्या घरची मुलगी तमाशात वाढते. अखेर तमाशाच्याच बोर्डावरून, साऱ्या गावासमोर, त्या पापाचा पाढा वाचला जातो. चित्रपटाचे नाव त्या उच्चारावरून आले आहे. एका बाजूस 'सांगू नका' असे म्हणणारे गीत आणि दुसऱ्या बाजूस 'सांगते, ऐका' असे म्हणणारा चित्रपट! गीतातील तरुणाच्या धिटाईवर जो प्रेक्षक शिट्ट्या मारतो त्यालाच चित्रपट पाटलाची 'धिटाई' म्हणजे काय असते ते दाखवितो. दोन्हींतील अंतर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याचे उत्तर चित्रपट देत नाही.

गीतही ते देत नाही. येथे माडगूळकरांच्या रचनेची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. लोणी आणि निखारा ही प्रतिमा जुनी व सुंदर असली तरी ती सोयीचीही आहे. लोणी वितळते यात लोण्याची इच्छा नसते आणि निखाऱ्याचा अपराधही नसतो. त्यामुळे तरुणीची संमती आणि तरुणाची जबाबदारी हे दोन्ही प्रश्न निसर्गनियमाच्या आड जातात. गीत स्त्रीच्या तोंडी असले तरी ते पुरुषाने, पुरुष प्रेक्षकाच्या सुखासाठी लिहिलेले आहे, हे अशा ठिकाणी जाणवते. आशाबाईंचा स्वर त्या प्रतिमेला पुष्कळसा वाचवतो, कारण त्या स्वरात पश्चात्ताप औषधालाही नाही. या मुलीला काय घडले ते ठाऊक आहे, आणि ते लपविण्याचा हक्कही आपलाच आहे, असे तो स्वर बजावतो. शब्दांनी जे तिच्याकडून काढून घेतले ते आवाजाने तिला परत दिले.

'सांगणे' या क्रियापदाचा प्रवास येथेच थांबत नाही. या चित्रपटातील ज्येष्ठ अभिनेत्री हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मकथनाला हेच शीर्षक दिले. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले ते पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावरून प्रेरणा घेऊन श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये 'भूमिका' हा चित्रपट केला. त्यातील सांगणे कोणत्याही सबबीशिवायचे आहे. एकाच चित्रपटाच्या पोटातून स्त्रीच्या लपविण्याचे सर्वांत लोकप्रिय गीत आणि स्त्रीच्या सांगण्याचे मराठीतील एक अत्यंत निर्भीड गद्य निघावे, ही घटना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्वतंत्र नोंद घेण्याजोगी आहे.

यात्रेच्या मांडवात

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावांच्या यात्रा लागतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येऊन सुपारी ठरवितात. मढसारख्या घाटमाथ्याजवळच्या गावांपासून थेट भीमेकाठच्या बागायती गावांपर्यंत हेच चालते. दिवसा घाटात बैलगाडे पळतात, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा. बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या काळात यात्रांचे अर्धे चैतन्य गेले होते असे या भागात सांगितले जाते. एका शर्यतीपायी एका कुटुंबाचा नाश होतो हे 'सांगत्ये ऐका' चे कथासूत्र शहरी प्रेक्षकाला नाट्यमय वाटेल, पण ज्या मुलुखात घाटाचा राजा कोण यावर वर्षभर मान-अपमान ठरतात तेथे ते अतिशयोक्त वाटत नाही.

तमाशाच्या रचनेत गण, गौळण, बतावणी आणि वग यांच्या बरोबरीने 'रंगबाजी' हा भाग हळूहळू विस्तारत गेला. त्यात लावण्यांबरोबर चित्रपटगीते आली, आणि पुढे चित्रपटगीतांनी लावण्यांना बाजूला सारले. प्रेक्षक फर्माईश करू लागला ती रेडिओवर आणि पडद्यावर ऐकलेल्या गाण्यांची. फडातील कलावतीला आपल्या आई-आजीकडून आलेली लावणी बाजूला ठेवून, आपलेच अनुकरण म्हणून स्टुडिओत तयार झालेले गाणे पाठ करून गावे लागले. 'बुगडी' च्या यशाचा हा दुसरा अर्थ आहे. तमाशाला पांढरपेशा समाजात मान मिळवून देणाऱ्या गीतांनीच तमाशाची स्वतःची गाणी मुकी केली. अर्थात हा दोष एका गीताचा नव्हे, आणि फडमालकांनीही ही गाणी नाइलाजाने नव्हे तर हौसेने स्वीकारली, हेही खरे. तमाशा हा नेहमीच हाताशी आलेले सर्व काही पचविणारा प्रकार आहे. परंतु पचविणे आणि पचले जाणे यांतील रेषा येथे पुसट झाली.

याची किंमत कोणी मोजली हे पाहावयाचे तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे चरित्र पुरेसे आहे. १९३५ मध्ये जन्मलेल्या विठाबाई भाऊ-बापू नारायणगावकर यांच्या फडाच्या परंपरेत वाढल्या आणि पुढे त्या परंपरेचा सर्वांत मोठा आवाज ठरल्या. दिवस भरलेले असताना फडावर उभे राहणे, पडद्यामागे बाळंत होणे आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येणे ही त्यांच्या आयुष्यातील घटना महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही उत्तरायुष्यात त्यांना विपन्नावस्था भोगावी लागली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. पडद्यावरील नायिकेच्या दुःखासाठी अडीच वर्षे रांगा लावणाऱ्या समाजाने राहुटीतील नायिकेसाठी काय केले, हा प्रश्न या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय विचारता येत नाही.

तरीही हे गीत फडाने आपले केले आहे, हे नाकारता येणार नाही. फडावर ते येते तेव्हा आशाबाईंची कुजबुज उरत नाही. ढोलकी-हलगीच्या गजरात आवाज पुन्हा खुला, पहाडी होतो, साडेतीन मिनिटांचे बंधन सुटते, आणि धृपद हवे तितके खेळविले जाते. म्हणजे पवारांनी मुद्रिकेसाठी जे आखडले होते ते फडाने सैल केले. घडण ज्या वाटेने झाली त्याच वाटेने ती उलटी गेली. लग्नाच्या वरातीतील बँड, शाळांची स्नेहसंमेलने, गणेशोत्सवातील स्पर्धा, यात्रेतील भोंगे या सर्व ठिकाणी मात्र गीताची आणखी एक काटछाट होते. तेथे मुखडा वाजतो, पुन्हा वाजतो, फार तर पहिले कडवे येते. स्नेहसंमेलनात दहा-बारा वर्षांच्या मुली नऊवारी नेसून हे गीत सादर करतात तेव्हा तिसरे कडवे वगळण्याकडे शिक्षकांचा कल असतो, आणि ते समजण्यासारखेही आहे.

परिणाम मात्र गमतीदार होतो. बाप घरी नसलेली ती दुपार, पाटावर बसलेला तो फेटेवाला आणि उघडा पडलेला तो कान हे सारे श्रोत्यांच्या स्मृतीतून निसटत चालले आहे. उरला आहे तो साताऱ्याचा रस्ता. म्हाताऱ्याला पटावी म्हणून रचलेली हकीकत महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांना पटली आहे, आणि त्या मुलीची चहाडी अद्याप कोणी केलेली नाही.